शिबिर खेळाडूंनी भरवायचं आणि रक्त मात्र दुसऱ्यांनी द्यायचं?

नेटपलीकडची
आमचा कॉलेजचा व्हॉलीबॉल संघ यंदा रक्तदान शिबिर भरवतोय. म्हणजे रक्त घेणार रक्तपेढीचीच माणसं. आमच्याकडे हॉल, नावनोंदणी, फोनाफोनी, गाद्या-खुर्च्या उचलणं आणि येणाऱ्यांना धीर देणं. महिनाभर राबतोय. फलकही झाला: आम्ही बाराजणी जर्सीत उभ्या, दंडावर पट्टी, खाली ‘आम्ही तयार आहोत, तुम्ही?’

काल सरांनी सांगितलं की शिबिरानंतर नऊ दिवसांनी उपांत्य सामना आहे, त्यामुळे संघातल्या एकीनेही रक्त द्यायचं नाही. हवं तेवढं राबा, पण खाटेवर आडवं व्हायचं नाही.

आता संघात दोन तट पडलेत. आमची लिबेरो (म्हणजे मागे राहून पडणारा चेंडू उचलणारी) म्हणते, मग तो फलक उतरवा, धडधडीत खोटं आहे ते. कर्णधार म्हणते, लग्नात वाढपी आधी जेवतो का? माझं डोकं दोन्हीकडून फिरतंय. लोकांना ‘द्या द्या’ म्हणायचं आणि आपण हात मागे बांधून उभं राहायचं, हे दिसायला कसं दिसतं? आणि सरांचं म्हणणं खरंच बरोबर आहे, की उगाच धसका?

सुईभित्रा
पहिला!
मी गेली अकरा वर्षं दुसऱ्यांना रक्तदानाला पाठवतो आणि स्वतः दारातून परत येतो. कुणी अजून दांभिक म्हटलेलं नाही. ‘उत्साही कार्यकर्ता’ म्हणतात.

दम_लागला
सर बरोबर आहेत. स्वतःच्या पायांनी शिकलोय.

मी लांब पल्ल्याचा धावक. एकदा रक्त दिलं आणि चार दिवसांनी १० किलोमीटरच्या शर्यतीत उतरलो. पहिले दोन किलोमीटर काहीच कळलं नाही, उलट वाटलं की लोक उगाच घाबरवतात. तिसऱ्यात चढ लागला आणि छातीवर कुणीतरी येऊन बसलं. पाय ठीक, पोटरी ठीक, श्वास मात्र पुरेना. ज्यांना दर वेळी मागे टाकतो ते ‘काय रे, बरं नाही का?’ विचारत पुढे गेले. वेळेपेक्षा ते विचारणं जास्त लागलं.

अवांतर: त्या दिवशी शिबिरात नाडी ४६ भरली. मोजणाऱ्या ताईंनी परत मोजली. मग घड्याळ कानाला लावून पाहिलं. मग डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी एकच प्रश्न केला, ‘पळता का?’ आणि सही केली. रोज पळणाऱ्यांची नाडी मंद असते, पण डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय घेत नाहीत. तेव्हा धावणाऱ्यांनो, रांगेत तेवढा वेळ जास्तीचा धरा.

उलटतपासणी
स्पष्ट बोलतो, राग नसावा. हे सगळं फोटोसाठी असतं. जर्सी घालायची, दात्याच्या बाजूला अंगठा वर करून उभं राहायचं, प्रमाणपत्र घ्यायचं, घरी. गाद्या उचलायला खेळाडूच कशाला हवेत?

नेटपलीकडची
@उलटतपासणी, गाद्या उचलून बघा एकदा. मग ठरवू कशाला हवेत ते.

खडूस_मास्तर
बावीस वर्षं शाळा-कॉलेजात खेळ शिकवतोय. या मुलीच्या सरांच्या जागी असतो तर मीही हेच म्हटलं असतं, फक्त महिनाभर आधी. फलक छापून झाल्यावर सांगणं ही त्यांची चूक.

एक लक्षात घ्या. खेळाडू तगडे दिसतात म्हणून सगळ्यांना वाटतं, यांच्या अंगात रक्त उतू चाललंय. प्रत्यक्षात मुलींच्या संघातल्या दोघी-तिघींचं हिमोग्लोबिन हमखास काठावर असतं. पाळी, वाढतं वय, वर रोजचा घाम आणि खाण्याची हेळसांड. शिबिरात बोट टोचलं की परत पाठवतात आणि पोरी रडकुंडीला येतात, जणू निवड समितीनेच वगळलं. त्यांना आधीच सांगून ठेवा की परत पाठवणं म्हणजे नापास होणं नव्हे.

बॅगवाला
रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, शिबिरं हेच रोजचं काम. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी मूळ प्रश्न. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. आम्ही त्यातलं ३५० किंवा ४५० मिली घेतो. यातला पाण्याचा भाग, म्हणजे प्लाझ्मा, एक-दोन दिवसांत भरून येतो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस म्हणतो, मला तर काही झालंच नाही. लाल पेशी मात्र भरायला काही आठवडे घेतात आणि प्राणवायू वाहून नेणाऱ्या त्याच. जिना चढताना हा फरक कळत नाही. पूर्ण ताकदीने पाचव्या सेटपर्यंत उड्या मारताना कळतो. दम_लागला यांचा तिसरा किलोमीटर म्हणजे हेच. त्यामुळे सामन्याच्या नऊ दिवस आधी नको, हे सरांचं म्हणणं धसका नाही.

दुसरी गोष्ट लोहाची. एका बॅगेबरोबर २०० ते २५० मिलीग्रॅम लोह जातं आणि आतडी अन्नातून दिवसाला जेमतेम एक-दोन मिलीग्रॅम उचलतात. गुणाकार तुम्हीच करा. हिमोग्लोबिन वर आलं तरी साठा रिकामा असू शकतो. मुलींनी दोन रक्तदानांत नियमापेक्षा थोडं जास्तच अंतर ठेवलं तर उत्तम. जोरात सराव चालू असेल तर फेरिटिनची, म्हणजे लोहाच्या साठ्याची, तपासणी करून घ्यावी. लांब धावणाऱ्यांचं आणखी एक असतं. तळपाय सतत आपटून थोड्या लाल पेशी तिथल्या तिथेच फुटतात.

बोट टोचून काय बघतात, हे बऱ्याच जणांना कळत नाही. जुनी पद्धत अशी: निळ्या मोरचुदाच्या द्रावणात रक्ताचा थेंब सोडायचा. द्रावणाची घनता १.०५३ ठेवलेली असते. थेंब पंधरा सेकंदांत तळाला गेला तर हिमोग्लोबिन १२.५ किंवा वर, तरंगत राहिला तर कमी. आता बहुतेक ठिकाणी छोटं यंत्र असतं. मला मात्र तो थेंब बुडताना बघायला अजून आवडतं. रांगेतले सगळे वाकून बघतात, सामन्याचा शेवटचा गुण असावा तसे.

आणि उलटतपासणी, खेळाडू कशाला हवेत ते सांगतो. शिबिर बिघडतं ते रक्त कमी पडल्यामुळे नाही, वेळेमुळे. चार खाटा असतील आणि एकेक माणूस चढून-उतरून वीस मिनिटं घेत असेल तर तासाला बारा जण, पाच तासांत साठ. यापलीकडे उडी मारता येत नाही. तरी संयोजक दोनशे लोकांना दहाच्या ठोक्याला बोलावतात. साडेअकरापर्यंत निम्मे वैतागून निघून जातात आणि दोन वाजता आम्ही माश्या मारत बसतो. ज्यांना सरावाला सहा म्हणजे सहाला यायची सवय आहे, ज्यांच्याकडे बाराजणींना एका फोनवर गोळा करायची पद्धत आहे, त्यांनी शिबिर हातात घेतलं की पंधरा-पंधरा मिनिटांच्या वेळा नीट लागतात. हा फरक मी पाहिलाय. फोटोत तो येत नाही.

अर्धाचमचा
दंडवत _/\_ वाचनखूण साठवली.

सुईभित्रा
‘थेंब बुडताना’ इथपर्यंत वाचून मी आडवा झालो. बाकीचं उद्या.

इतिहासातला_किडा
खेळाडू आणि रक्तपेढी म्हटल्यावर एक नाव या धाग्यावर यायलाच हवं: चार्ल्स ड्रू. अमेरिकेतला कृष्णवर्णीय शल्यविशारद. अॅमहर्स्ट कॉलेजात फुटबॉल आणि धावण्यात चमकलेला. पदवीनंतर वैद्यकीय शिक्षणाला पैसे नव्हते, म्हणून आधी दोन वर्षं एका कॉलेजात खेळांचा प्रशिक्षक झाला. पुढे १९४० मध्ये त्याचा प्रबंध झाला तो साठवलेल्या रक्तावर, आणि त्याच वर्षी युद्धात होरपळणाऱ्या ब्रिटनला प्लाझ्मा पाठवण्याच्या मोहिमेचं काम त्याच्या हाती आलं. हजारो दात्यांकडून रक्त घेऊन, एकाच पद्धतीने तपासून, एकाच पद्धतीने भरून बोटीवर चढवायचं. आज शिबिरात जी शिस्त दिसते तिच्या मुळाशी हे काम आहे.

वाईट भाग असा की अमेरिकी लष्करासाठी गोळा होणारं रक्त गोऱ्यांचं वेगळं आणि काळ्यांचं वेगळं ठेवायचा नियम होता. शास्त्रात याला काडीचा आधार नाही, हे ड्रूने उघडपणे सांगितलं. १९५० मध्ये मोटार अपघातात जखमी झाला, गोऱ्यांच्या दवाखान्याने रक्त नाकारलं आणि तो गेला.

पायचीत
@किडा, शेवटचं वाक्य सोडून सगळं मान्य. ती दंतकथा आहे. त्याच्याबरोबर गाडीत इतर डॉक्टर होते आणि उपचार झाले, हे त्यांनीच नंतर सांगितलंय. जखमाच इतक्या होत्या की काही चाललं नाही. रक्त वेगळं ठेवण्याचा अन्याय खरा होता, त्याला खोटी पुरवणी लागत नाही.

इतिहासातला_किडा
मान्य, मीही ऐकीव लिहिलं. चूक कबूल. प्रतिसाद संपादित करत नाही, नाहीतर तुमचा प्रतिसाद हवेत लोंबकळेल.

शिट्टी
पंच या नात्याने एक सांगतो. कुणी मोठ्या पातळीवर खेळत असेल तर ‘रक्त दिलं म्हणून उत्तेजक चाचणीत अडकेन का’ अशी भीती असते. अडकत नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘वाडा’च्या, नियमांत रक्त देण्याला मनाई नाही. मनाई आहे ती रक्त परत अंगात भरण्याला. गंमत अशी की यंत्रावर प्लाझ्मा देताना लाल पेशी दात्यालाच परत मिळतात, म्हणजे शब्दशः तेही बसतं त्या कलमात. म्हणून २०२४ पासून नोंदणीकृत केंद्रात दिलेल्या प्लाझ्मापुरती सूट केली. ज्यांच्या रक्ताच्या नोंदी वर्षभर ठेवल्या जातात त्यांनी रक्तदानाची पावती जपून ठेवावी, आकडे का घसरले ते सांगता येतं.

अर्धाचमचा
मी क्षणभर चौसोपी वाडा समजलो. म्हटलं, वाड्याचे रक्ताबद्दल काय नियम असतात बुवा.

पहाटेची_आई
माझी लेक सोळाची, शाळेच्या संघात धावते. तिलाही अशा शिबिरात काम करायचंय. तिचं वय चालतं का?

बॅगवाला
ताई, काम करायला चालतं, द्यायला नाही. बहुतेक ठिकाणी १८ पूर्ण लागतात. काही देशांत १६-१७ व्या वर्षी पालकांच्या संमतीने घेतात. वजनाचीही अट असते, कुठे ४५ तर कुठे ५० किलो. तिला विश्रांतीच्या टेबलापाशी उभी करा. दिलेल्या माणसाशी दहा-पंधरा मिनिटं गप्पा मारत बसायचं, त्याचा चेहरा बघत राहायचं. चक्कर सुई टोचताना येते असा लोकांचा समज आहे. पुष्कळदा ती येते खाटेवरून उठल्यावर, बिस्किटाच्या टेबलापाशी. ओठ पांढरे, कपाळावर घाम, बोलता बोलता वाक्य अर्धवट. हे दिसलं की लगेच आडवं करायचं आणि पाय वर. पहिल्यांदा देणारे तरुण आणि कमी वजनाचे यांच्यात हे जास्त.

देण्याआधी अर्धा लिटर पाणी प्यायला लावा. खाटेवर असताना पायावर पाय टाकून मांड्या आवळायच्या-सोडायच्या. खेळाडूंना हे शिकवावं लागत नाही, आणि त्यांनी शेजारी उभं राहून करून दाखवलं की बाकीचेही लाजत नाहीत.

आत्याबाई
सगळं वाचतेय. आता जरा वेगळं बोलते.

माझ्या भाचीला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त. ती नऊ वर्षांची आहे, म्हणजे हिशोब करा किती अनोळखी माणसं तिच्या अंगात येऊन गेली. मला मोठ्या शिबिरांची धास्ती वाटते. एकाच दिवशी ढीगभर बॅगा जमतात, फोटो येतात, आणि लाल पेशी टिकतात पस्तीस ते बेचाळीस दिवस. प्लेटलेट तर जेमतेम पाच. दोन महिन्यांनी परीक्षा लागते, सुट्टी लागते, कॉलेजं ओस पडतात आणि आम्ही पुन्हा फोन घेऊन बसतो. ‘आत्ताच तर दिलं हो गेल्या महिन्यात’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. बरोबरच असतं त्यांचं. सगळ्यांनी एकदमच दिलेलं असतं.

तेव्हा नेटपलीकडची, तुम्ही बाराजणी त्या दिवशी दिलं नाहीत म्हणून मला काडीचं वाईट वाटणार नाही. हंगाम संपल्यावर, कुणी फोटो काढत नसताना, चारचार जणी रक्तपेढीत जाऊन आलात तर वाटेल.

उलटतपासणी
आत्याबाईंच्या प्रतिसादानंतर माझा वरचा प्रतिसाद मलाच आगाऊ वाटतोय. असो, राहू दे तिथेच.

दम_लागला
आत्याबाई, +१. मी आता शर्यतीचं वर्ष संपलं की दुसऱ्या दिवशी देतो. तेव्हा तसाही महिनाभर लोळायचं असतं.

रांगेतला_शेवटचा
एक इशारा. आमच्याकडे फुटबॉल विरुद्ध बास्केटबॉल अशी चुरस लावली होती, कुणाचे दाते जास्त. फळ्यावर आकडे. मजा आली, पण एका मुलाला ताप येऊन गेला होता, औषध चालू होतं, आणि ‘संघाचा आकडा पडेल’ म्हणून तो अर्जात ‘नाही’ लिहून मोकळा झाला. बॅग भरल्यावर मित्राकडे बोलला, मित्राने डॉक्टरांना सांगितलं, बॅग बाजूला काढली. निभावलं. पण त्याच्या जागी लाजेने न बोलणारा असता तर?

खडूस_मास्तर
हे फार महत्त्वाचं लिहिलंत. कर्णधाराने ‘सगळ्यांनी द्यायचं’ म्हटलं की नाही म्हणायची सोय उरत नाही. मोजायचंच असेल तर आलेली माणसं मोजा, दारातून परत गेलेलीही त्यात धरा. अर्ज भरताना शेजारी संघातलं कुणी उभं नको.

बॅगवाला
अनुमोदन. तपासण्या कितीही चांगल्या असल्या तरी संसर्ग झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस तो चाचणीत सापडत नाही. तिथे दात्याचं खरं उत्तर हीच चाचणी. अर्जाचं टेबल कोपऱ्यात, पाठ हॉलकडे. एवढं तरी कराच.

पायचीत
तारीख १४ जून घ्या. जागतिक रक्तदाता दिन, रक्तगट शोधणाऱ्या कार्ल लँडस्टायनरचा जन्मदिवस. औचित्य साधेल.

बॅगवाला
औचित्य साधेल, आमचं कंबरडं मोडेल. त्या दिवशी सगळ्यांनाच शिबिर हवं असतं. तुम्ही आपली साधी तारीख घ्या.

नेटपलीकडची
धाग्याला जवळजवळ महिना झाला, हकिगत सांगायची राहिली होती.

फलक बदलला. लिबेरोने स्वतः नवा मजकूर लिहिला: ‘आमचा सामना आहे, आम्ही हंगामानंतर देतोय. तुमचा सामना नसेल तर या.’ लोक थांबून वाचत होते, हसत होते आणि चक्क नाव नोंदवत होते. पंधरा मिनिटांच्या वेळा लावल्या. ७१ जणांनी नावं दिली, ५८ आले, त्यातले ९ जण तपासणीत परत गेले. ४९ बॅगा. अर्जाचं टेबल खांबामागे ठेवलं होतं.

फुटबॉल संघाचा गोलरक्षक, सहा फूट दोन इंच, सकाळपासून सगळ्यांना ‘मुंगी चावल्यासारखं आहे’ सांगत हिंडत होता. दिलंही हसत हसत. बिस्किटाच्या टेबलापाशी आला, म्हणाला, ‘मला तर काहीच’ आणि पुढचा शब्द आलाच नाही. ओठ पांढरे. आमची लिबेरो तीन पावलांवर होती. ती कशी पोचली कुणी पाहिलं नाही, पण डोकं फरशीला लागायच्या आत तिचे हात खाली होते. दोन मिनिटांनी डोळे उघडून त्याने विचारलं, ‘गोल झाला का?’ आता त्याला सगळे तेच विचारतात.

उपांत्य सामना हरलो. पाचवा सेट १३-१५. रक्त न देता हरलो, त्यामुळे सबबही नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही पहिल्या पाचजणी रक्तपेढीत जाऊन आलो. आत्याबाईंनी सांगितल्याप्रमाणे फोटो नाही. तिघींनी दिलं. दोघींचं हिमोग्लोबिन कमी निघालं, त्यातली एक मी, ११.८. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, तीन महिन्यांनी परत बोलावलंय. मास्तर, तुम्ही आधीच लिहिलं होतंत तरी रडू आलंच. बाकीच्या सातजणी पुढच्या महिन्यात, दोन तुकड्यांत.

आत्याबाई
गोळ्या वेळेवर घे गं. चहाबरोबर घेऊ नकोस.

खडूस_मास्तर
१३-१५ म्हणजे शेवटी सर्व्हिस घालवली असणार. वेगळा धागा काढा, बोलू.

सुईभित्रा
नेटपलीकडची, सातजणींची तारीख कळवा. मी येतो.
बघायला.

बॅगवाला
खाट राखून ठेवतो. बघून झाल्यावर लागेलच तुम्हाला.